शाळवात टांगलेलं लग्न

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक काळी पत्र्याची पेटी समोर आणा. लांबीरुंदीला तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढी, आणि उंचीला दोन जाड पुस्तकं एकावर एक ठेवावीत तेवढी. पुढं एक बटण आहे. ते दाबलं की पेटी जीभ काढून दाखवते. त्या जिभेवर चकचकीत सीडी ठेवायची. जीभ आत जाते, घर्रर्र असा आवाज येतो, आणि टीव्हीत माणसं हलायला लागतात. मोबाईल लागत नाही, रेंज लागत नाही. दिसली पेटी? आता ती मानसिंग आबांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत, नव्या टीव्हीच्या खाली ठेवा. माघ महिन्यातली दुपार आहे. दारात मांडव पडलाय. आणि पेटीभोवती उभं राहून आबांची दोन्ही मुलं भांडतायत.

"दादा, तू त्या डबड्याचं कवतिक सांगू नको," धाकटा जयराज म्हणाला. साताऱ्याला कंपनीत सुरक्षा अधिकारी झाला तरी त्याची फौजेतली ताठ मान गेली नव्हती. "मी मिल्ट्री कॅन्टीनमधनं आणलेला डीव्हीडी हाय की माळ्यावर. मोठ्या कंपनीचा. तो काढू."

"काढ की. तुझा डीव्हीडी म्हंजे सरकारी साहेब. कागदाला सुरकुती दिसली की परत पाठवतोय," थोरला वीरधवल हसत म्हणाला. "माझा सांगलीचा हाय. पुढं येईल ते गिळतो."

हे भांडण सतरा वर्षं जुनं होतं. शिराळ्याच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी वीरधवल सांगलीला पाइप आणायला गेला आणि पाइपांबरोबर हा डीव्हीडी घेऊन आला. पेटीवर कंपनीचं नाव म्हणून एक चंदेरी पट्टी होती. ती पहिल्याच आठवड्यात निघून पडली. महिन्याभरानं जयराज रजेवर आला तो कॅन्टीनचा डीव्हीडी काखोटीला मारून. एका घरात दोन यंत्रं झाली. तेव्हा आबांनी निकाल दिला होता, "नावाजलेला सोप्यात राहील. बिननावाचा मागं, पेंडीच्या खोलीत." सुभेदार मानसिंग यांनी दिलेला निकाल त्या घरात कुणी बदलत नसे.

आज मात्र बिननावाचा सोप्यात आला होता, नावाजलेला माळ्यावर गेला होता, तरी आबा काहीच बोलत नव्हते. खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि गेली दहा मिनिटं त्यांनी पान उलटलं नव्हतं.

कारण भांडण चाललं होतं यंत्रांचं, पण आबांना घोर लागला होता तो सीडीचा.

वीरधवलची लेक शिवांजली. उद्या तिची हळद. आणि हळदीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज पाच वाजता, घाणा. भावकीतल्या बाया जमतात, दोन मुसळांना आंब्याची डहाळी बांधतात, उखळात हळकुंडं कांडतात आणि कांडता कांडता ओव्या म्हणतात. त्या ओव्यांत नवरीचं नाव गुंफायचं, घराचं गुंफायचं. चाळीस वर्षं या भावकीत घाणा म्हटला तो एकट्या बनुबाईंनी, म्हणजे आबांच्या पत्नीनं. दुसऱ्या कुणाला तो पाठ करायची गरजच पडली नाही. बनुबाई आहेत की!

मग दोन दिवाळ्यांमागं बनुबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळे शब्द गेले, एक सोडून. "बरं."

"आई, जेवलीस का?" "बरं." "आई, ऊन लागतंय का?" "बरं." डोळ्यांत सगळं कळत असायचं आणि ओठांवर तेवढा एकच शब्द यायचा. कधीकधी तो शब्द म्हणून झाल्यावर त्या स्वतःवरच चिडून मांडीवर डावा हात आपटायच्या.

परवा भावकीतल्या धोंडुबाई म्हणाल्या होत्या, "इस्लामपूरच्या गाणी म्हणणाऱ्या बाया आणूया. माइक घेऊन येत्यात." तर शिवांजली जेवणावरून उठून गेली होती. आज सकाळी तिला आठवलं.

"माया काकू, तुमच्या लग्नाच्या सीडीत आजीचा घाणा हाय! पुरा! मी लहान असताना बघितलाय."

सगळं घर एकदम उजळलं. माया, जयराजची बायको, म्हणाली, "व्हय गं, हाय की! मुसळाला माझ्या माहेरची साडी गुंडाळली हुती, त्याचं पण शूटिंग हाय." शिवांजलीची आई संयोगिता म्हणाली, "काचेच्या कपाटात खालच्या खणात असंल. तिथंच हुत्या सगळ्या सीड्या."

तेव्हापासून आबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नव्हतं.

खालच्या खणातल्या सगळ्या सीड्या गेल्या रविवारी कुठं गेल्या ते घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. आबांना आणि जयराजच्या लेकीला, साक्षीला. साक्षी दहा वर्षांची.

गेल्या रविवारी पत्रिका देवापुढं ठेवायला म्हणून साताऱ्याची मंडळी आली होती. ओढ्याकडेचा शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, दुधात भरला होता आणि पाखरांनी नुसता उच्छाद मांडला होता. आबा म्हणाले, "साक्षी, चल. पाखरांचा बंदोबस्त करू." खालचा खण उघडून त्यांनी सीड्यांची अख्खी चळत पिशवीत भरली. साक्षीनं विचारलंही होतं, "आबा, यातलं काही लागणार नाही ना?" आबा म्हणाले, "समदी फालतू पिक्चरं. बघतंय कोण आता?" दोघांनी मिळून सुतळीनं सीड्या काठ्यांना बांधल्या. वारं आलं की त्या गरागरा फिरायच्या, उन्हाचे कवडसे कणसांवरून पळायचे आणि भोरड्यांचा थवा शेताला वळसा घालून निघून जायचा. तालुक्यातल्या कितीतरी रानांत अशा सीड्या टांगलेल्या दिसतात. त्यात नवल काही नाही. पण त्या टांगण्याआधी त्यांच्यावर लिहिलेलं वाचायचं असतं, आणि आबांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

"खण रिकामा हाय," आतून संयोगिता ओरडली. "एकबी सीडी न्हाई!"

सोप्यातलं भांडण थांबलं.

"कुणी काढल्या?" वीरधवल म्हणाला.

"तुमी रंगाऱ्याला कपाट हलवायला सांगितलं हुतं," संयोगिता म्हणाली. "त्यानं भंगारात टाकल्या असत्याल. सोन्यासारखी वस्तू!"

"मी सांगितलं? तूच म्हनालीस कपाट अंगावर येतंय."

"वैनी बरोबर म्हणत्यात, दादा," जयराजनं संधी साधली. "तुझं सगळं काम असंच. बघायचं न्हाई, सवरायचं न्हाई."

"तू गप रं. पावण्यावानी दोन दिस येतोस आणि हिशेब मागतोस."

एवढा वेळ हसण्यावारी चाललेलं भांडण आता खरं झालं. माया नवऱ्याच्या बाजूनं न बोलता थोरल्या दिरांकडं बघून म्हणाली, "भावजी, जाऊ द्या. रंगारी तसा माणूस न्हाई." जयराजनं तिच्याकडं चमकून पाहिलं. शिवांजली उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती. नुसती मेंदी लावायचे हात मांडीवर उलटे टाकून बसली होती, आणि आबांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

साक्षी खांबाला टेकून आबांकडं बघत होती. आबा उठले, वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा खिशात घातला. म्हणाले, "जरा रानात जाऊन येतो. साक्षी, चल."

"आता? लग्नघरात?" वीरधवल म्हणाला.

"पाखरं बघून येतो."

दोघं ओढ्याकडेला पोचले. शाळवात शिरल्यावर साक्षी म्हणाली, "आबा, मी तुमचं नाव नाही सांगितलं."

"ते कळलं मला."

"सांगायचं पण नाही का?"

आबांनी खिशात हात घातला. चष्मा लावला आणि पहिल्या काठीची सुतळी सोडायला लागले.

चौदा सीड्या. आठ दिवसांत उन्हानं आणि दहिवरानं वरची शाई पार धुऊन नेली होती. काहींवर पाखरांनी आपली सही केली होती. एकमेकींवर आपटून सगळ्यांवर ओरखडे. कुठली लग्नाची आणि कुठली मारामारीची, काही कळायला मार्ग नव्हता.

"ह्यात आजीचा आवाज कुठं असतो, आबा?" साक्षीनं एक सीडी उन्हात तिरकी धरली.

आबा खाली बांधावर बसले. शिकवायचं म्हटलं की त्यांना कितीही घाई असली तरी वेळ मिळायचा. "हे बघ. ह्या चकाकीत बारीक बारीक टिंबं असत्यात. डोळ्याला दिसत न्हाईत. ओळीनं, गोल गोल, गोगलगाईच्या शंखावानी. यंत्रात एक उजेडाची सुई असती. ती टिंबांवरनं फिरती आणि वाचत जाती. जिथं ओरखडा पडला, तिथं वाचता येत न्हाई."

"मग?"

"मग यंत्राच्या सोभावावर. एखादं म्हणतं, मला कळलं न्हाई, मी वाचणार न्हाई. एखादं म्हणतं, एवढं गाळतो आणि म्होरं जातो."

साक्षीनं सीडी फ्रॉकला पुसली. "गोल पुसू नको," आबा म्हणाले, "मधनं भाईर, सरळ पुस. आडवा ओरखडा चालतो. गोल पडला तर अख्खी ओळ जाती."

पुसता पुसता आबांच्या मनात एक गोष्ट येत होती आणि ते ती ढकलत होते. अठ्ठावीस वर्षं फौजेतली नोकरी. घरात घाणे झाले, बारशी झाली, पाळणे म्हटले गेले, आणि त्यांच्या वाट्याला पत्रातली एक ओळ यायची, 'इकडील सर्व ठीक.' पेन्शनवर आल्यावर बनुबाई समोरच होत्या, तर ऐकायची निकड वाटली नाही. बनुबाईंचा गाताना आवाज कसा होता, असं आज कुणी विचारलं तर सुभेदारांना सांगता आलं नसतं. मोठा होता की बारीक? ते सुद्धा आठवेना. आठवत होतं फक्त "बरं."

दोघं परतले तेव्हा साडेचार झाले होते. मांडवात बाया जमायला लागल्या होत्या. बनुबाईंना खुर्चीसकट सोप्यात आणून बसवलं होतं.

आबांनी पिशवी चौरंगावर ओतली. संयोगितानं एक सीडी उचलली. तिच्या भोकात सुतळीचा तुकडा अडकलेला होता आणि कडेला शाळवाचं पान चिकटलं होतं.

"ह्या कुठं हुत्या?"

साक्षीनं एकदम हात वर केला, वर्गात करतात तसा. "मी बांधल्या. पाखरांसाठी. मी."

जयराज पुढं झाला. "काय? साक्षी, अक्कल हाय का तुला? कुणाला विचारून..."

"मी," आबा म्हणाले.

जयराज वळला.

"तिनं मला विचारलं हुतं, लागनार न्हाईत न्हवं म्हणून. मी म्हटलं फालतू हायत. वाचून बघितलं न्हाई. रंगाऱ्याचा संबंध न्हाई, वीराचा न्हाई, पोरीचा तर न्हाईच न्हाई. चूक माझी हाय." ते शिवांजलीकडं वळले. "शिवा, तुझ्या आजीचा घाणा मी शाळवात टांगला, बाळा."

या घरात 'चूक माझी' हे शब्द आबांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. काय करायचं असतं अशा वेळी, तेही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी वीरधवलच म्हणाला, "आबा, पाखरं तरी भ्याली का?" आणि धोंडुबाईंना पदर तोंडाला लावावा लागला.

"हसू नका, लावा आता," शिवांजली उठत म्हणाली. "पाच वाजत आलं."

माळ्यावरून जयराजचा डीव्हीडी काढला होता. अजून नव्यासारखा. वायरी जोडल्या. पहिली सीडी गेली. यंत्रानं सभ्यपणानं दोन गिरक्या घेतल्या आणि टीव्हीवर अक्षरं आली. नो डिस्क. दुसरी. नो डिस्क. पाचवी, सातवी. जयराज प्रत्येक सीडीला फुंकर मारत होता, शर्टाला पुसत होता. चौदावी सीडी परत आली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"सगळ्या खलास झाल्यात, आबा," तो हळू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

वीरधवलनं तोंड उघडायच्या आधी मायाच म्हणाली, "आवं, भावजींचा लावा की. एवढं काय त्यात?" आणि मग खाली बघत म्हणाली, "तुमी नोकरीवर असताना आमी दोघी जावा पेंडीच्या खोलीत त्याच्यावरच पिक्चर बघायचो. तुमचा कवाच कुठली सीडी घेईना."

"वैनी, तुमीपण?" जयराजनं संयोगिताकडं पाहिलं.

"तुमचा दिसायला देखणा हाय, भावजी," संयोगिता गंभीरपणे म्हणाली.

मग बिननावाची पेटी पुढं ओढली. एक पाय तुटलेला, म्हणून खाली काडेपेटी सरकवली. जीभ अर्ध्यावरच अडायची. वीरधवलनं नखानं ओढून काढली. पहिली सीडी आत गेली. पेटी खोकली, घरघरली, पिठाच्या गिरणीसारखी थरथरली. आणि टीव्हीवर एक माणूस दुसऱ्याला भिंतीवर फेकताना दिसला.

"लागली!" साक्षी किंचाळली.

चित्र काळंपांढरं होतं. "पिवळी वायर पिवळ्या भोकात," आबा म्हणाले, आणि साक्षीनं मागं जाऊन वायर बदलली. रंग आले. दुसरी सीडीही मारामारीची. तिसरीत भजन. चौथी ट्रॅक्टरची जाहिरात. बाहेर बाया मुसळं घेऊन ताटकळल्या होत्या. नववी सीडी आत गेली, आणि पडद्यावर हिरवा मांडव आला, त्यावर झेंडूची नक्षी, आणि मिशी काळी असलेला जयराज.

"हीच!"

मग पडदा चौकड्यांचा झाला, चौकड्या विरघळल्या, आणि बनुबाई दिसल्या. सतरा वर्षांपूर्वीच्या. उभ्या, पदर खोचलेला, दोन्ही हात मुसळाला. आणि आवाज आला.

मोठा होता. थोडासा चिरका, वर चढताना कडेला जरासा फाटणारा, आणि कुणाची परवानगी न मागणारा. आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

*आली सून दारामंदी, कुनी म्हनू नगा परकी,*
*लेकीच्या रांगंमंदी तिची हाय जागा सारखी...*

मायाचे डोळे भरून आले. तेवढ्यात पडद्याबाहेरून एक पुरुषी आवाज ओरडला, "आवरा गं बायांनो! किती वेळ लावताय त्या गाण्याला?"

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. तो त्यांचाच आवाज होता. सतरा वर्षांपूर्वीचा, कडक इस्त्रीचा.

"लय ओरडायचो मी," आबा पुटपुटले.

पडद्यावरच्या बनुबाईंनी त्या आवाजाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मुसळ उचललं आणि पुढची ओवी धरली.

*वारणेच्या काठी गं, पिकला शाळू मोत्यावानी...*

आणि पेटी अडकली. "मोत्यावानी... मोत्यावानी... मोत्यावानी..." मुसळ हवेतच थांबलं होतं. वीरधवलनं पेटीवर हलकी चापट मारली. "मोत्यावानी... मोत्यावानी..."

"मारू नको, दादा, पुढं ढकल."

"रिमोटचं सेल गेल्यात, कशानं ढकलू?"

"बंद करून परत लावा."

"परत लागली न्हाई तर?"

आबांना दोघांचं बोलणं ऐकू येईना. कारण त्यांच्या शेजारच्या खुर्चीतून काहीतरी येत होतं. आधी त्यांना वाटलं, बनुबाई कण्हतायत. मग दिसलं, त्यांचा डावा हात मांडीवर पडत होता, उठत होता, पडत होता. चिडून नव्हे. कांडल्यासारखा. ओठ उघडले. आवाज नाचणीच्या भाकरीसारखा खडबडीत होता, पण चाल तीच होती, वर चढताना कडेला फाटणारी.

"मोत्या... वानी..."

संयोगिताच्या हातातलं ताट कलंडलं. बनुबाईंनी श्वास घेतला. पेटी अजून मागचंच म्हणत होती. बनुबाई पुढं गेल्या.

"शिवा माजी... निघाली... डोळ्यांत आणू नगा पानी..."

सीडीत शिवांजलीचं नाव नव्हतं. असणारच कसं? शिवांजली आजीच्या पायाशी येऊन बसली. दारात बाया दाटल्या होत्या. धोंडुबाईंनी कुणाला न सांगता उखळात मुसळ टाकलं आणि बनुबाईंच्या हाताच्या लयीवर पहिला घाव घातला. आबा वाकले. त्यांना पुढची ओळ हवी होती. आजवर एकदाही थांबून न ऐकलेली पुढची ओळ बनुबाईंच्या ओठांवर येत होती, अक्षर अक्षर जुळवत.

नेमकी त्याच वेळी पेटीनं ओरखडा ओलांडला. एकदम उडी मारून ती वरातीत जाऊन पोचली आणि हलगी, ताशा, सनई यांनी सोपा दणाणून सोडला. बनुबाईंचे ओठ हलताना दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

"चालू झाली! चालू झाली!" वीरधवल ओरडला. "बघ जया, म्हटलं न्हवतं? गिळली का न्हाई!"

"मान्य! मान्य, दादा! मागं घे आता, घाण्यावर मागं घे!"

"हात लावू नको, चाललीया तशी चालू दे!"

साक्षी टीव्हीमागं वायरींजवळच बसलेली होती. तिनं बापाकडं पाहिलं, काकाकडं पाहिलं, मग आजीच्या ओठांकडं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी पेटीची पिन उपटली.